साहेबांनी मला 'अपस्टेज' केलं आणि मी थँक्यू म्हटलं

प्रिय ताई,
मी वाकडला राहते, हिंजवडीत आयटीत आहे, आमचा क्लायंट इंग्लंडमधला, लीड्सचा, इन्शुरन्सवाला. तीन महिने खपून मी त्यांच्यासाठी क्लेम्सचा डॅशबोर्ड केला आणि गेल्या सोमवारी व्हिडिओ कॉलवर त्याचा डेमो होता, माझा पहिलाच एकटीचा डेमो. मी नेमकी मेन स्लाइडवर आले आणि तिकडचे आमचे मॅनेजर (इंग्रजच आहेत, स्वभावाने चांगले) म्हणाले, एक मिनिट, मी जरा बोलतो, आणि स्वतःची स्क्रीन शेअर करून 1998 साली हेच काम कागदावर कसं चालायचं त्याचे जुने फोटो वीस मिनिटं दाखवत बसले. सगळे खो खो हसले, वेळ संपली, माझ्या शेवटच्या नऊ स्लाइड्स तशाच राहिल्या. संध्याकाळी त्यांचा मेल आला, 'सॉरी, आय ॲम अफ्रेड आय रादर अपस्टेज्ड यू धिस मॉर्निंग.' मला वाटलं अप म्हणजे वर, म्हणजे यांनी मला स्टेजवर वर चढवलं, अपग्रेडसारखं काहीतरी. मी लिहिलं, 'थँक यू सो मच फॉर अपस्टेजिंग मी, होप यू विल कंटिन्यू टू अपस्टेज मी इन फ्यूचर ऑल्सो.' सीसीत चौदा जण होते. शेजारचा कलीग हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता, म्हणाला अगं त्यांनी तुझी थंडर चोरली. मग मी डिक्शनरी बघितली तर तिथे पहिलाच अर्थ 'रंगमंचाच्या मागच्या बाजूला'. आता मला तेही कळेना, मागे उभा राहणारा माणूस पुढच्याला झाकणार कसा? झाकायचं तर पुढे यायला लागेल ना? आणि त्यांनी खरंच माफी मागितली की टोमणा मारला? दोन दिवस झाले, उत्तर नाही. आता मी काय करू?
– थँक्यूवाली, वाकड

अगं थँक्यूवाले,

आधी तुला एक सांगते, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, पहिल्यांदा हसण्यासाठी आणि दुसऱ्यांदा उत्तर देण्यासाठी, तेव्हा त्या कलीगला फार नावं ठेवू नकोस. पण तू जो प्रश्न विचारलायस ना, की मागे उभा राहणारा पुढच्याला झाकेल कसा, तो एक नंबर प्रश्न आहे, कारण त्या शब्दाची सगळी गंमत तिथेच आहे आणि हा शब्द रोज वापरणाऱ्यांपैकी फार जण तिथपर्यंत जात नाहीत.

तर घरात करून बघ. सासूबाई किंवा आई, जी कोण असेल तिला सोफ्यावर बसव, ती प्रेक्षक. तू टीव्हीसमोर उभी रहा, सोफ्याकडे तोंड करून, आणि नवऱ्याला किंवा भावाला तुझ्या मागे, पार भिंतीशी उभं कर. आता त्याच्याशी भांड. म्हणजे खरंच भांड, नेहमीसारखी, डोळ्यात डोळे घालून. काय होईल? तुला त्याच्याकडे बघायला वळावं लागेल आणि वळलीस की आईला दिसणार तुझी पाठ आणि वेणी. त्याचं तोंड मात्र आपोआप आईकडेच आहे, त्याला काही करायलाच लागत नाही, तो नुसता उभा आहे आणि सीन त्याचा झाला. आवाजही त्याचाच पुढे जातो, तुझा भिंतीकडे. म्हणजे त्याने तुला झाकलं नाही गं, त्याने तुला पाठमोरं केलं. नाटकातला लबाड नट नेमकं हेच करतो, सीन चालू असताना हळूच एक पाऊल मागे, मग अजून एक, आणि बिचारा समोरचा त्याच्याशी बोलायचं म्हणून वळत वळत शेवटी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा. यालाच अपस्टेज करणं म्हणतात.

आता मागच्या भागाला 'अप' का म्हणतात, तर तो खरोखरच वर असायचा. युरोपातल्या जुन्या थिएटरांमधे स्टेज सपाट नसायचं, प्रेक्षकांकडे उतरतं असायचं, घाटातल्या रस्त्यासारखं नाही पण जाणवेल इतकं. ही पद्धत इटलीतली, सेबास्तियानो सेर्लिओ नावाच्या वास्तुकाराने 1545 साली छापलेल्या पुस्तकात अशा चढत्या स्टेजचं चित्रच काढून ठेवलंय. कारण दोन, एक तर खाली बसलेल्या लोकांना मागचे नट दिसावेत, आणि दुसरं म्हणजे मागे रंगवलेले रस्ते नि इमारती लांबवर गेल्यासारखे वाटावेत, जमीन चढत गेली की डोळा फसतो. इंग्लंडमधेही हे आलं आणि मग मागे जाणं म्हणजे चढणं, पुढे येणं म्हणजे उतरणं, म्हणून अपस्टेज आणि डाउनस्टेज. पॅरिसच्या जुन्या ऑपेराचं, पॅले गार्नियेचं स्टेज आजही उतरतं आहे, शंभर फुटांना पाच फूट, त्यावर बॅले करायचा म्हणजे काय होत असेल विचार कर, आपण घराचा उतार चुकला तर बाथरूमचं पाणी हॉलमधे येतं म्हणून रडतो.

आपल्याकडे स्टेज बहुतेक ठिकाणी सपाटच असतं, चढत्या असतात त्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांच्या रांगा, पण शब्द तेच आलेत. कुठल्याही एकांकिकेच्या तालमीला जाऊन बस, डायरेक्टर ओरडत असतो, अरे तू अपस्टेजला जा, सेंटर सोड, तिला मास्क करतोयस. हा मास्क शब्द बघ, नाटकवाले तो वापरतात ते पुढे येऊन दुसऱ्याला झाकण्यासाठी, म्हणजे तुझ्या डोक्यात जे होतं ते मास्क, अपस्टेज नव्हे. आणि डिक्शनरीत 'मागच्या बाजूला' वाचून आणखी एक घोटाळा होतो, की अपस्टेज म्हणजे पडद्यामागे, तर तसंही नाही, ते बॅकस्टेज. अपस्टेजचा माणूस प्रेक्षकांना पूर्ण दिसतो, दिसतो म्हणून तर सगळी भानगड.

इथे माझं एक पाप सांगून टाकते. कॉलेजात एका एकांकिकेत मला मोलकरणीचं काम होतं, वाक्यं फक्त चार, आणि मुख्य सीन होता नवरा-बायकोच्या भांडणाचा. मी मागे खिडकी पुसत होते. तर प्रयोगात मला काय सुचलं कोण जाणे, बायकोच्या प्रत्येक वाक्याला मी फडकं पिळायला लागले, ती जोरात बोलली की मी जोरात पिळायची. लोक हसले, मग मी अजून पिळलं. त्या मुलीने दोन महिने त्या सीनवर मेहनत घेतली होती, डोळ्यातून पाणी काढत होती बिचारी आणि लोक हसतायत, तिला कळेचना का, कारण मी तिच्या पाठीमागे. मला वाटलं मी धमाल केली. विंगेत आल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "फडकं कोरडं झालं का गं?" आणि पुढे वर्षभर बोलली नाही. आता मी फडकं पिळलं तेव्हा तिला पाठमोरं नाही केलं, एक पाऊलही मागे गेले नाही, पण हेही अपस्टेज करणंच, कारण तोवर शब्दाचा अर्थ पसरला होता, उभं कुठे राहता हे सुटलं आणि लक्ष कोणाकडे जातं एवढंच उरलं.

आणि हा रोग जुना आहे हं, शब्द नसेल तेव्हाही रोग होता. हॅम्लेट नाटकाच्या तिसऱ्या अंकात राजपुत्र नटांना सूचना देतो त्यात त्याने विदूषकांची चांगलीच खरडपट्टी काढलीय, की लिहून दिलंय तेवढंच बोला, काही जण चार येडपट प्रेक्षकांना हसवायला स्वतःच हसत सुटतात आणि त्याच वेळी नाटकातली महत्त्वाची गोष्ट चाललेली असते. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फडकं आठवलं, अजून आठवतं.

टॅलुलाह बँकहेड म्हणून अमेरिकन नटी होती, तिचा तर किस्साच सांगतात. एक नवखी नटी म्हणे फुशारकी मारत होती की मी टॅलुलाहला कधीही अपस्टेज करू शकते. टॅलुलाह म्हणाली, मी तर स्टेजवर नसतानाही तुला करेन. आणि त्या रात्री एक्झिट घेताना तिने शॅम्पेनचा अर्धा भरलेला ग्लास टेबलाच्या कडेवर ठेवला, अर्धा टेबलावर, अर्धा हवेत, आणि गेली निघून. झालं, ती नवखी पोरगी जीव तोडून बोलतेय आणि सगळं थिएटर ग्लासकडे बघतंय, आता पडतो का मग पडतो. खाली चिकटपट्टी लावली होती म्हणे. किस्सा घासूनपुसून चकचकीत झालेला असणार, पण अपस्टेजचा अर्थ सांगायला याच्यापेक्षा चांगला मला सापडला नाही.

आता मराठीत याला काय म्हणायचं. बरेच जण 'झाकोळून टाकणे' असं लिहितात, ते मला बरोबर वाटत नाही, ते कोर्टाच्या निकालपत्रासारखं वाटतं. नाटकवाले 'खाल्लं' म्हणतात, 'त्या सीनमधे त्याने तिला खाल्लं', पण खाल्लं यात अभिनयाची ताकद येते, समोरच्याने चांगलं काम केलं म्हणून दुसरा फिका पडला असं. अपस्टेजला सगळ्यात जवळचं आपलं 'भाव खाऊन जाणे'. लग्न होतं तिचं आणि भाव खाऊन गेली करवली, बस, हे अपस्टेज.

आणि आता गंमत ऐक. इंग्रजीत गेल्या शतकाच्या सुरुवातीला 'अपस्टेज' हे विशेषणही वापरायचे, अमुक बाई फार अपस्टेज आहे, म्हणजे शिष्ट आहे, नाक वर करून वागते, कोणाला भीक घालत नाही. आज तो अर्थ फारसा ऐकू येत नाही, जुन्या कादंबरीत भेटला तर दचकू नकोस. आता आपल्याकडे बघ, 'भाव खाऊन गेली' म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिने ओढलं, आणि नुसतं 'फार भाव खाते' म्हणजे शिष्टपणा करते. दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात, तिकडेही आणि इकडेही, कोणी कोणाची कॉपी न करता. मला हे लक्षात आलं त्या दिवशी मी भाजीवाल्यालाही सांगितलं असतं, पण तो कोथिंबिरीच्या भावात होता.

बरं, करवलीचं म्हटलं तर इंग्लंडातही हा शब्द लग्नात हमखास निघतो. नवरीपेक्षा उठून दिसू नये, पाहुणीने पांढरं घालू नये, 'डोन्ट अपस्टेज द ब्राइड' हा तिकडचा अलिखित कायदा. 29 एप्रिल 2011 ला राजपुत्र विल्यमचं लग्न झालं तेव्हा नवरीची बहीण पिपा मिडलटन पांढऱ्या ड्रेसमधे मागून झगा सावरत चालली होती आणि पुढे किती दिवस पेपरवाले हेच चघळत होते की हिने नवरीला अपस्टेज केलं का. ती बिचारी शब्दशः मागे होती, झग्याचं टोक धरून! आणि दुसरं ठरलेलं उदाहरण म्हणजे मांजर. लंडनला पंतप्रधानांच्या घरी, 10 डाउनिंग स्ट्रीटला लॅरी नावाचा बोका आहे, 2011 च्या फेब्रुवारीत उंदीर पकडायला आणला, तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन गेले, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक झाले, लॅरी तिथेच. बाहेर कॅमेरे लावून पत्रकार कोणा मोठ्या पाहुण्याची वाट बघत असतात आणि हा दारातून येऊन पायरीवर अंग चाटत बसतो, की दुसऱ्या दिवशी बातमी, लॅरीने अमक्याला अपस्टेज केलं. आता लॅरीच्या मनात काही होतं का? काही नाही, त्याला ऊन हवं होतं.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. अपस्टेज करायला हेतू लागत नाही. मुद्दाम करता येतं, टॅलुलाहसारखं, आणि नकळतही होतं, लॅरीसारखं. पण एक गोष्ट मात्र लागतेच, आणि हे नीट लक्षात घे, तो प्रसंग कोणाचातरी असावा लागतो. लग्न नवरीचं, पायरी पंतप्रधानांची, सीन त्या माझ्या मैत्रिणीचा. चार सारखे लोक गप्पा मारतायत आणि एक जास्त चमकला तर ते अपस्टेज नाही, ते फार तर आउटशाइन, उजवा ठरला एवढंच. मोठ्या दुःखाने छोटा आनंद झाकला गेला, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी घरात कोणी आजारी पडलं, तर ते ओव्हरशॅडो. त्याला अपस्टेज म्हटलंस तर लोक विचित्र बघतील, आजारी माणसाने मुद्दाम स्टंट केला असं वाटेल.

म्हणजे तुझ्या साहेबांनी तो शब्द लिहिला तेव्हाच त्यांनी काय मान्य केलं बघ, की कार्यक्रम तुझा होता. डेमो तुझा, सकाळ तुझी, आणि मी मधे घुसलो. टोमणा नाहीये गं हा, टोमणा असता तर 'तू' कर्ता असतीस आणि 'मी' कर्म. इथे 'आय अपस्टेज्ड यू', गुन्हेगार स्वतः. आणि ते 'आय ॲम अफ्रेड' नि 'रादर', ते इंग्रजांचं नेहमीचं मीठ आहे, ते जेवणात असतंच. 'रादर' म्हणजे थोडंसं नाही हं, तिकडे 'रादर' म्हणजे बऱ्यापैकी, त्याने स्वतःला जरा जास्तच दोषी धरलंय. मला तर तो माणूस बरा वाटतो, मी किती मॅनेजर असे पाहिलेत जे तुझं काम स्वतःच्या नावावर खपवतात आणि वर मीटिंगचा फोटो टाकतात. अर्थात बरा आहे म्हणून त्याने घेतलेली वीस मिनिटं परत येत नाहीत, तेही खरं.

कलीगने थंडर म्हटलं ते जवळचं आहे पण तेच नाही. 'स्टील समवन्स थंडर' ही पण नाटकातलीच गोष्ट, जॉन डेनिस नावाच्या लेखकाने 1709 साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात स्वतःच्या नाटकासाठी मेघगर्जनेचा आवाज काढायची नवी युक्ती केली, नाटक पडलं, आणि थोड्याच दिवसांत तिथेच मॅकबेथ बघायला गेला तर त्यात त्याचाच गडगडाट वाजत होता. माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट चोरतात, असा तो भर थिएटरात ओरडला म्हणतात. त्यामुळे थंडर चोरणं म्हणजे तुझी कल्पना, तुझी बातमी दुसऱ्याने आधीच वापरून टाकणं. तू प्रेग्नंट असल्याचं सांगणार तेवढ्यात जाऊबाईंनी स्वतःचं सांगितलं, ते थंडर. तुझ्या साहेबांनी तुझा डॅशबोर्ड सांगितला असता तर थंडर गेलं असतं. त्यांनी स्वतःचे जुने फोटो दाखवले, तुझं काम जागेवरच आहे, फक्त लोकांची मान वळली. आणि बघ ना, स्क्रीन शेअर म्हणजे आजचं अपस्टेजच आहे, त्यांनी शेअर दाबलं त्या क्षणी तुझी स्लाइड गेली, तू कोपऱ्यातल्या चौकोनात, आणि तूही इतरांसारखी त्यांच्याकडे बघत बसलीस, म्हणजे पाठमोरी झालीस की.

लाइमलाइटबद्दल तू विचारलं नाहीस पण नाव निघालंच आहे नाटकाचं तर एका ओळीत सांगते, त्यातलं लाइम लिंबू नाही, चुना आहे. चुनकळीचा तुकडा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवला की पांढराशुभ्र उजेड पडतो, 1837 च्या सुमारास लंडनच्या कव्हेंट गार्डन थिएटरात तो वापरात आला आणि मग मुख्य नटाच्या अंगावर तोच झोत. मी पाचवीपासून नोकरी लागेपर्यंत हिरवा लाइट समजत होते. सांगायचा मुद्दा, असे शब्द सगळ्यांचेच चुकतात, फक्त तुझ्या वेळी सीसीत चौदा जण होते.

अजून एक, थोडं कडू आहे. नाटकात शिकवताना एक वाक्य वापरतात, 'डोन्ट अपस्टेज युवरसेल्फ', स्वतःच स्वतःला अपस्टेज करू नको. म्हणजे नवशिका नट प्रेक्षकांच्या बाजूचा हात उचलून स्वतःचंच तोंड झाकतो, किंवा उगाच मागे वळून बोलतो. आता तू म्हणतेस नेमकी मेन स्लाइडवर आलीस आणि साहेबांच्या फोटोंतच वेळ संपली. अगं मग ती मेन स्लाइड इतक्या उशिरा का आली? तीन महिन्यांचं काम आणि लोकांना दाखवायचा डॅशबोर्ड तू अजेंडा, टीम, टाइमलाइन, आर्किटेक्चर असल्या स्लाइड्सच्या मागे ठेवलास की काय? साहेब मधे घुसले ते घुसलेच, त्यांची चूक त्यांनी कबूल केलीय, पण कंटाळलेल्या प्रेक्षकांना जुना फोटो पटकन आवडतो. पुढच्या वेळी डॅशबोर्ड दुसऱ्या मिनिटाला उघड, बाकीचं कोणी विचारलं तर.

आता तुझा तो मेल. खरं सांगू, त्याने काहीच वाईट झालेलं नाही, उलट त्या लीड्सच्या माणसाला वाटलं असणार की या पोरीने काय खणखणीत लगावली! 'असंच पुढेही मला अपस्टेज करत रहा', हे इंग्रजाने लिहिलं असतं तर तो पक्का टोमणा झाला असता, त्यांच्याकडे असल्या कोरड्या टोमण्यांना मान असतो. दोन दिवस उत्तर नाही म्हणजे तो बहुतेक विचार करतोय की ही चिडलीय की विनोद करतेय. म्हणून गप्प बसू नकोस, आणि लांबलचक माफीही लिहू नकोस, तीन ओळी पाठव आणि या वेळी सीसी काढ. इंग्रजीत असं काहीतरी, 'आय हॅव ए कन्फेशन. आय थॉट अपस्टेज मेन्ट समथिंग नाइस. आय हॅव नाउ लुक्ड इट अप, अँड आय टेक बॅक माय थँक्स.' आणि लगेच खाली, 'कुड आय हॅव ट्वेंटी मिनिट्स ऑन द नेक्स्ट कॉल टू शो द रेस्ट?' बास. पहिल्या भागाने तो हसेल, दुसऱ्या भागाला त्याला नाही म्हणता येणार नाही, कारण ती वीस मिनिटं तुझी होती हे त्याने स्वतःच लेखी दिलंय.

वापरताना फक्त एवढं बघ, 'अपस्टेज'च्या पुढे थेट माणूस येतो, अपस्टेज्ड मी, अपस्टेज्ड हर, मधे टू, ओव्हर, ऑन काही नको, आपल्याकडे 'ही अपस्टेज्ड ऑन मी' असं म्हणणारे भेटतात. 'आय वॉज अपस्टेज्ड बाय ए डॉग' असं उलटं वाक्य तर रोज चालतं, आणि त्यात कुत्रा, मूल, पुडिंग, पाऊस काहीही बसतं. बोलताना जोर 'स्टेज'वर. आणि मोठ्या साहेबासमोर दुसऱ्याबद्दल बोलताना जपून, 'शी अपस्टेज्ड मी' म्हणजे तक्रार झाली, 'आय वॉज कम्प्लीटली अपस्टेज्ड' हसत म्हटलंस तर ते दिलदारपण.

पुढचा डेमो झाला की कळव. आणि साहेबांना सांग, ते 1998 चे फोटो शेवटी दाखवा, मलाही बघायचेत.

– तुझी ताई